यात फक्त गाडीच ऐकू येते

"ऐका," दुकानदार म्हणाला आणि त्यानं हेडफोन माझ्या हातात दिला. "चौथ्या गिअरमध्ये पळतेय गाडी. इंजिनाचा आवाज शोधून दाखवा." मी हेडफोन कानांवर चढवला. समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी हेल्मेटवरून टिपलेला रस्ता भरधाव मागं जात होता आणि कानात एक माणूस शांतपणे बोलत होता. आज हवा छान आहे, पुढं वळण आहे, मित्रांनो. त्याच्या बोलण्याच्या मागं काहीही नव्हतं. वारा नव्हता, चेन नव्हती, टायर नव्हते. दोन मांड्यांमध्ये एवढं लोखंड स्फोट करत चाललंय आणि हा बँकेत बसल्यासारखा बोलतोय. मी शोधलं. खरंच शोधलं, कारण कुणी 'शोधून दाखवा' म्हटलं की मला राहवत नाही. इंजिन कुठंही नव्हतं. "सापडलं?" दुकानदारानं विजयी चेहऱ्यानं विचारलं. मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. गाडीचा आवाज पुसून टाकणारं यंत्र निघालंय आणि लोक ते हौसेनं विकत घेतायत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "आवाज कुठं गेला?" मी विचारलं. "साफ केला," तो म्हणाला. "यंत्र आपोआप ओळखतं, माणूस कुठला आणि कचरा कुठला."

कचरा. दुकानदार मनानं वाईट नव्हता. केस मागं बांधलेला, पन्नाशीच्या आतबाहेरचा, आपल्या मालावर जीव असलेला माणूस. त्याच्या दुकानात काचेच्या कपाटांतून काड्यापेटीएवढे, साबणाच्या वडीएवढे कॅमेरे मांडलेले होते, आणि एका भिंतीवर हेल्मेटं: हनुवटीला कॅमेरा लावलेलं एक, टाळूवर लावलेलं एक. शेजारी छातीला बांधायचा पट्टा घातलेलं, मुंडकं नसलेलं एक धड उभं होतं. तो एकेक गुण सांगत होता. हा कॅमेरा धक्के गिळतो, खड्डा होता की नव्हता ते कळणारसुद्धा नाही. यात क्षितिज कायम आडवं राहतं, तुम्ही वळणावर कितीही झुका, चित्र झुकणार नाही. याचा वाऱ्याचा आवाज बंद, त्याचा इंजिनाचा बंद. मी मनात बेरीज करत गेले. खड्डा नाही, झुकणं नाही, वारा नाही, इंजिन नाही. मग गाडीवरून गेलं कोण? "तुमचं चॅनेल आहे का?" त्यानं विचारलं. नाही. "मग ग्रुपमध्ये टाकणार?" नाही. "म्हणजे घरचेच बघणार." घरचंही कुणी बघणार नाही, असं मी म्हणाले, तेव्हा त्यानं हातातला कॅमेरा हळूच काचेवर ठेवला आणि माझ्याकडं जरा जपून पाहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनी आहे. आमच्या घरात ती सगळ्यांनाच आहे. म्हणजे आईला आणि मला. आम्ही दोघीच आहोत, पण गर्व म्हणाल तर पंचवीस माणसांच्या कुटुंबाला पुरून उरेल.

आई आंधळी आहे, तिला ऐकवायचंय, एवढं एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. कारण ते ऐकल्यावर माणसांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलेलं आहे. मान एका बाजूला कलते, आवाज मऊ होतो आणि आईचं नुसतं म्हातारपण उरतं. माझी आई कुणाची कीव करून घ्यायला जन्मलेली नाही. ज्या काळात या शहरात बायका मोटरसायकलच्या मागच्या सीटवरही एका बाजूला पाय सोडून बसायच्या, त्या काळात ती रिळं पोचवायची. आता हे समजावून सांगावं लागतं. शहरात दोन थिएटरं होती, एक खाली नदीच्या अलीकडं, एक वर टेकडीवर, दोन्हींचा मालक एक आणि सिनेमाची प्रत एक. खाली खेळ आधी सुरू व्हायचा, वर मागाहून. खाली एक रीळ दाखवून संपलं की ते उलटं गुंडाळून पत्र्याच्या गोल डब्यात घालायचं, आणि ते डबे मोटरसायकलवर लादून वर पोचवायचे, वरचं आधीचं रीळ संपायच्या आत. उशीर झाला तर वरचा पडदा पांढरा पडायचा. पांढरा पडदा म्हणजे शिट्ट्या, खुर्च्यांची मोडतोड, मालकाच्या आईबापांचा उद्धार. वाटेत रेल्वेचं फाटक, मग पूल, मग चढण, आणि या तिघांनाही सिनेमाच्या वेळेशी काही देणंघेणं नसायचं. आईच्या आधी या कामावर तीन पुरुष येऊन गेले होते. आई आल्यावर पडदा पांढरा पडला नाही. शाळा नसली की ती मला टाकीवर पुढं बसवायची, डबे मागं. माझ्या डोक्यावर तिची हनुवटी टेकलेली असायची आणि तिथून ती पुटपुटत राहायची, 'सहा, सहा, सहा', म्हणजे मागच्या डब्यात सहावं रीळ आहे, हे विसरायचं नाही. मी सगळं लहानपण रिळांच्या आकड्यांत आणि पेट्रोलच्या वासात काढलं, आणि मला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच येतात-जातात.

ती पुटपुट मागाहून सुरू झाली होती, हेही सांगायला हवं. एकदा सातवं रीळ सहाव्याच्या आधी पडद्यावर गेलं. खलनायक कड्यावरून पडून मेला, आणि पुढच्या रिळात नायकाच्या बहिणीच्या लग्नात हार घालून हजर. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, त्यांना तो चमत्कारच वाटला. पण आईच्या नाकावर कधी माशी बसली नव्हती, ती त्या दिवशी बसली. खालच्या ऑपरेटरनं डब्यांवर खडूनं आकडे घातले होते, ते पुसले गेले, असं तिचं म्हणणं होतं आणि अजून आहे. कुणी ते मानलं, कुणी नाही. वरच्या ऑपरेटरनं मात्र त्यावर अवाक्षर काढलं नाही, आणि आईच्या लेखी जगात ज्याच्या मताला किंमत होती असा तो एकच माणूस होता. वरच्या थिएटरची केबिन मागच्या बाजूला होती आणि तिथं चढायला बाहेरून लोखंडी जिना. ऑपरेटर दाराकडं पाठ करून, भिंतीतल्या बारक्या झरोक्याला डोळा लावून उभा असायचा. आधीच्या तिघांच्या वेळी तो जिन्यावर येऊन रस्त्याकडं बघत शिव्या घालायचा. आईच्या वेळी तो वळतसुद्धा नसे. जिना वाजायचा, आई दारात पोचायची, आणि त्याचा उजवा हात पाठीमागं यायचा, पालथा नाही, उताणा. आई त्यावर डबा ठेवायची. 'शाब्बास' नाही, 'आलात का' नाही. "त्यानं कधी वळून बघितलं नाही गं," ती सांगते, तेव्हा तिची मान अशी ताठ होते की कुणाला वाटावं, राजानं हिला गाव इनाम दिलंय. पुढं एकदा तो बाजारात समोरासमोर आला आणि त्यानं तिला ओळखलंच नाही. इतक्या वर्षांत चेहरा पाहिलेलाच नव्हता. ही गोष्ट दुसऱ्या कुणी तक्रार म्हणून सांगितली असती. आई ती पदक दाखवल्यासारखी सांगते.

अशा बाईची मी मुलगी, आणि मला तिनं गाडीच्या किल्लीला हात लावू दिला नाही. विचारलं की म्हणायची, "तुला कुठं काय पोचवायचंय?" थिएटरं बंद पडली, ती दुसऱ्या नोकरीला लागली, निवृत्त झाली, पण गाडी तीच, दर रविवारी पुसायची ती तीच, आणि फिरवून आणायची तीही तीच. मग डोळे गेले. हळूहळू, आधी मधला भाग, मग कडा. आता उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही. ज्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले, त्या दिवशी घरी आल्यावर तिनं किल्ली जेवायच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बॅटरी उतरेल तिची. उभी राहून गाडी खराब होते." एवढंच. 'शीक' म्हणाली नाही, 'घे' म्हणाली नाही. मोडेल पण वाकणार नाही, हे तिच्याबद्दल कुणीही सांगेल. मी चाळिशी उलटल्यावर, मैदानात, माझ्या निम्म्या वयाच्या पोरापोरींबरोबर गाडी शिकले, दोनदा पडले, कोपर सोलून घेतलं, आणि घरी सांगितलं की जिन्यावरून घसरले. आता दर रविवारी मी तिची गाडी बाहेर काढते. आई गल्लीकडच्या खिडकीत खुर्ची ओढून बसते आणि ऐकते. आमची गल्ली सरळ आहे, टोकाला कोपरा आहे, आणि कोपऱ्यावर वळलं की शहर सगळे आवाज गिळून टाकतं. परत आले की ती म्हणते, "कोपऱ्यावर गिअर उशिरा बदललास," किंवा "क्लच अर्धवट सोडलास," किंवा काहीच म्हणत नाही आणि तो माझा चांगला रविवार. "कसा होता रस्ता?" "ठीक." "ठीक म्हणजे काय?" मला पुढं सांगता येत नाही. कोपऱ्यापर्यंतची मी तिला तोंडपाठ आहे. कोपऱ्यापुढची मी तिला ठाऊकच नाही, आणि खरी गाडी मी तिथं चालवते. मागं बस, असं एकदा म्हणून पाहिलं. "मी कुणाच्या मागं बसत नाही," ती म्हणाली. "मागं डबे बसतात."

मला तिचा निकाल हवा होता. तो तिला ऐकू गेल्याशिवाय लागणार नव्हता, म्हणून मी या दुकानात उभी होते. यात मला लाज वाटायचं कारण नाही, कारण निकाल देणं हाच माझा धंदा आहे. मी लिफ्ट तपासते. माझ्या सहीशिवाय या शहरात नवी लिफ्ट हलत नाही आणि जुनी चालू राहत नाही. इमारतीचे मालक मला दारापर्यंत घ्यायला येतात, दोर दाखवतात, ब्रेक दाखवतात, कागद दाखवतात, आणि मग मी त्यांना बाहेर उभं करून एकटी लिफ्टमध्ये शिरते, डोळे मिटते आणि तळापासून वरपर्यंत जाते. यंत्राचं खरं-खोटं कानाला आधी कळतं. रुळावर कुठं खाच आहे, चाक कुठं सुकलंय, दरवाजा कुठं नाइलाजानं मिटतोय. आमच्या ऑफिसात नव्या पोरांकडं मोजणारी यंत्रं आहेत आणि ती उत्तम आहेत, मीही वापरते, पण डोळे मिटून वर जाणं मी सोडलेलं नाही. ही सवय आपली स्वतःची, असं मला फार दिवस वाटत होतं. मग एकदा वर जाता जाता ध्यानात आलं की माझ्या डोक्यावर काहीतरी टेकलेलं असल्यासारखं मी मान स्थिर धरलेली आहे, आणि ते काय, हे मला माहीत होतं. खाण तशी माती. लोकांना पास-नापास करत मी एवढी वर्षं काढली आणि मला पास करणारं माणूस खिडकीत बसून फक्त कोपऱ्यापर्यंत ऐकतंय, याचा मला त्या दुकानात उभ्या उभ्या राग आला. आईचा नव्हे. कोपऱ्याचा.

"दुसरा दाखवा," मी म्हणाले. दुकानदारानं दुसरा दाखवला. मी हेडफोन चढवला आणि या वेळी डोळे मिटले. पडदा बघून काय करायचंय? इथं इंजिन होतं, पण शेजारच्या खोलीत कुणीतरी पिठाची गिरणी चालवावी तसं, लांब आणि सपाट. चढ आणि उतार एकाच आवाजात. तिसरा. त्यात वारा इतका फडफडत होता की गाडी वाळत घातलेल्या चादरीत गुंडाळल्यासारखी वाटली. चौथ्यात पुन्हा तो मित्रांनो म्हणणारा माणूस. डोळे उघडले तेव्हा दुकानदार माझ्यासाठी स्टूल घेऊन उभा होता. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? चक्कर?" "मी ऐकतेय," मी म्हणाले. "बाई, कॅमेऱ्याचं चित्र बघतात," तो अगदी नम्रपणे म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मी त्याच्या जागी असते तर केव्हाच दुकान बंद झालं म्हणून सांगितलं असतं. स्टूल त्यानं माझ्या मागं सरकवलं होतं. मी बसले नाही, पण त्या स्टुलानं माझी जीभ सैल केली असावी. "माझी आई गाडी चालवायची," मी म्हणाले. "सिनेमाची रिळं पोचवायची, वरच्या आणि खालच्या थिएटरांत. आता तिला दिसत नाही. मी गाडी कशी चालवते ते तिला ऐकायचंय. म्हणजे मला ऐकवायचंय. तिला गिअर ऐकू यायला हवेत, क्लच ऐकू यायला हवा, खड्डा आला तर खड्डा. तिला काहीही साफ करून नकोय." मी त्याच्या मानेकडं बघत राहिले, आता ती एका बाजूला कलणार म्हणून. ती कलली नाही. त्यानं केसांचा बुचडा सोडला, पुन्हा बांधला, आणि मग खाली बसून काउंटरच्या सगळ्यांत खालच्या खणात हात घातला.

तिथून निघालेला कॅमेरा चौकोनी, जाडजूड आणि जुन्या बनावटीचा होता. त्याच्या पाठीवर चिकटपट्टीचे डाग होते. "हा विकायचा म्हणून ठेवलेलाच नाही," तो म्हणाला. "दोनदा विकला, दोनदा परत आला. गिऱ्हाइकांची एकच तक्रार. यात फक्त गाडीच ऐकू येते." "द्या," मी म्हणाले. "आधी ऐका तरी." मी ऐकलं. कुणा अनोळखी माणसाची गाडी होती, मला आवडली नसती अशी, पण तो चढणीला लागला आणि आवाजाला आतून गाठ बसली, त्यानं एक गिअर खाली घेतला, मधे श्वासाएवढी फट, आणि मग ती पुन्हा उचलली, हे सगळं मला पोटऱ्यांत कळलं. "चित्र हलतं," दुकानदारानं बजावलं. "हलू दे." "वळणावर रस्ता तिरका दिसेल." "तिरकाच असतो." मग तो हसला, आणि मग धंदा विसरून कामाला लागला. कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचा एक बारका माइक त्यानं शोधला, त्याला स्पंजाची टोपी घातली आणि तो हेल्मेटमध्ये लावू नका, सीटखाली बांधा, इंजिनाच्या मागं पण सायलेन्सरपासून लांब, असं कागदावर चित्र काढून दाखवलं. वर म्हणाला, "मोठं रेकॉर्डिंग हा सलग ठेवत नाही हं, आपोआप तुकडे करतो." मी हो म्हणाले आणि विसरले. निघताना त्यानं विचारलं, "त्या थिएटरात पडदा पांढरा व्हायचा नाही म्हणायचे, त्या काळात. त्या तुमच्या आई का?" मी नुसती मान हलवली. अनोळखी माणसासमोर रडायची आमच्याकडं पद्धत नाही. बाहेर आल्यावर मात्र मी रस्त्यानं अशी चालले की समोरून येणारे बाजूला होत होते.

रविवारी सकाळी माइक सीटखाली आणि कॅमेरा टाकीवर बांधला. आई खिडकीत बसली होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर गिअर वेळेवर बदलला, तिच्यासाठी, आणि मग शहरातून खालच्या थिएटरापाशी गेले. तिथं आता सोफे आणि पलंग विकतात, पण दर्शनी भागाचा गोल सज्जा अजून तसाच आहे. मी गाडी बंद केली, कॅमेरा चालू केला, आणि पुन्हा किक मारली. पहिल्या किकला चालू झाली. पहिल्याच, आणि ते आत नोंदलं जातंय या विचारानं माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. इथून पुढचं मला दिसलं असं म्हणता येणार नाही. मी ऐकत होते, दोघींच्या कानांनी. फाटकाकडचा रस्ता लहानपणी लांब वाटायचा, आता संपतो कधी ते कळत नाही. फाटक नेमकं पडत होतं. मला ते चुकवता आलं असतं, एका रिक्षानं चुकवलंही, पण आईनं फाटक कधी चुकवलं नव्हतं, डबे घेऊन मरायचं नाही असा तिचा नियम होता. मी थांबले. गाडी पायांखाली धडधडत राहिली, आगगाडी गेली. मग पूल, पुलाचे सांधे टायरखाली एकेक करून वाजले, समोरून मोठा ट्रक आला आणि मी त्याच्या आधी निसटले. मग चढण. चढणीवर मधे एक वळण आहे, तिथं रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो पण असतो उभा. तिथं आईची हनुवटी माझ्या डोक्यावरून जराशी उचलली जायची आणि डावा पाय हलायचा. मला तो पाय आठवला नाही. माझा पाय हलला, आणि मग मला आठवलं. गाडी एकदाही न कुरकुरता वर गेली आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं हसले. हे हसू कुठलंही यंत्र टिपणार नाही, कारण माइक सीटखाली होता, याचं मला जरा वाईट वाटलं. वरचं थिएटर बंद आहे. त्याच्या अंगणात गाड्या लावतात. मागचा लोखंडी जिना मात्र आहे, गंजलेला, पण आहे. मी गाडी बंद केली, माइक आणि कॅमेरा सोडवून हातात घेतले, चालूच ठेवले, आणि हातोडा वाजावा तसे बूट वाजवत तो जिना चढून केबिनच्या बंद दारापाशी जाऊन उभी राहिले. कुणी नव्हतं. तिथून सगळं शहर दिसतं, हे लहानपणी माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर आई खिडकीतल्या खुर्चीत बसली आणि मी तिच्या मागं टेबलाशी संगणक उघडला. स्पीकर तिच्या बाजूला वळवून ठेवला. "काय चाललंय?" तिनं मान न वळवता विचारलं. "ऐक," मी म्हणाले आणि यादीतलं पहिलं नाव दाबलं. खोलीत गाडी शिरली. खरंच शिरली, खिडकीची काच थरथरली. आईचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले आणि तिथं घट्ट धरून राहिले. पुलाचे सांधे वाजायला लागले, एकामागून एक, आणि मी तिच्या मानेकडं बघत होते. मी लिफ्टमध्ये शिरल्यावर बाहेर इमारतीच्या मालकांचं काय होत असेल ते मला त्या वेळी कळलं.

"थांब," आई म्हणाली. "थांबव ते." मी थांबवलं.

"पूल आला," ती म्हणाली. "फाटक कुठं गेलं?"

मी पडद्यावर पाहिलं. यंत्रानं रेकॉर्डिंगचे तुकडे केले होते आणि संगणकानं ते स्वतःच्या अकलेनं रांगेत लावले होते, पुढचा आधी, आधीचा मागं. दुकानदारानं सांगितलेलं आठवलं. "मी नाही काही केलं," मी घाईघाईनं म्हणाले. "मशीननं उलटसुलट केलंय."

"हं," आई म्हणाली. "मीही तेच म्हणाले होते."

आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं, रडतेय. मग आवाज आला. आई हसत होती, डोळे जायच्या आधी हसायची तसं, तोंडावर हात न ठेवता. "आधी कळस, मग पाया! अगं, खलनायक मेला आणि लग्नाला आला!" मीही हसत सुटले, आणि दोघींच्या हसण्यात बराच वेळ गेला. एकमेकींसमोर असं हसल्याला किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. मग तिनं पदरानं डोळे पुसले, खुर्चीत सरळ बसली आणि बोलायचा सूर बदलून म्हणाली, "नीट लाव. पहिल्यापासून."

मी नीट लावलं. पहिल्या किकला गाडी चालू झाली, तेव्हा ती म्हणाली, "बरं." फाटकापाशी इंजिन जागच्या जागी धडधडायला लागलं, तेव्हा म्हणाली, "थांबलीस ते बरं केलंस. बंद का नाही केलीस? पेट्रोल फुकट येतं?" आगगाडी गेली. पुलावर म्हणाली, "घाई केलीस." "ट्रक होता समोर." "ट्रक असू दे. घाई ती घाईच." तिचं खरं होतं. चढण लागली तसा आवाज जाड व्हायला लागला आणि आईचं बोलणं थांबलं. ती पुढं झुकली होती. मी तिच्या पाठीमागं, दोन हात अंतरावर, हातात तो परत आलेला कॅमेरा घेऊन उभी होते, आणि तो कशासाठी घेतला होता हे मला आठवत नव्हतं. उभं वळण जवळ आलं. आईचा डावा पाय सपातेतून सुटला आणि खुर्चीखाली जमिनीपासून बोटभर उचलला गेला. स्पीकरमध्ये गिअर पडला. पाय खाली आला. दोन्ही एकदम. मधे कागद सरकवायला जागा नव्हती.

ती काही म्हणाली नाही. गाडी वर जात राहिली, वळली, अंगणात शिरली आणि बंद झाली. खोलीत एकदम शांत झालं. मग बूट वाजले. लोखंडावर, एकेक पायरी. आईची पाठ ताठ झाली. पायऱ्यांचा तो आवाज तिला या जन्मात पुन्हा ऐकू येईल असं तिला वाटलं नसणार, आणि मलाही ते जिना चढताना सुचलं नव्हतं. बूट चढत होते, चढत होते, आणि वर, दारापाशी येऊन थांबले.

आईचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटला आणि पाठीमागं आला. उताणा. बोटं जराशी पसरलेली, जड वस्तू घ्यायला पसरतात तशी.

मी पुढं झाले आणि तिच्या तळव्यावर कॅमेरा ठेवला. तिनं बोटं मिटली, वजन तोललं आणि तो पुढं ओढून मांडीवर घेतला. तिला दिसलं नसतं, हे मला माहीत आहे. पण आई वळली नाही.